डिशवॉशरमधलं पाणी बाहेर जात नाही, मेकॅनिक म्हणतो पंप बदला (भुसावळ)

खापरावरची | शुक्रवार, सकाळी ११:४०

नमस्कार मंडळी. भुसावळहून लिहितेय. डिशवॉशर २०२१ च्या दिवाळीत घेतलं, बारा प्लेस सेटिंगचं. त्या वर्षी सासूबाईंच्या उजव्या मनगटाचं हाड मोडलं होतं. हाड जुळलं, पण जड भांडं धरून घासणं त्यांना परत जमलं नाही. मी सकाळी साडेआठला कामावर निघते. त्यामुळे हे यंत्र आमच्याकडे हौसेचं नाही, आईंच्या हाताच्या जागी आहे. (मी सासूबाईंना आईच म्हणते.)

परवा चंपाषष्ठी होती. भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा, पंधरा माणसं जेवायला. रात्री नेहमीसारखी भांडी लावली, बटण दाबलं आणि झोपले. सकाळी बघते तर यंत्र मधेच थांबलेलं, टूंटूं वाजतंय आणि तळाला चार बोटं काळसर पाणी. वास तर विचारू नका. बंद करून परत लावलं. पंधरा-वीस सेकंद घूं असा आवाज येतो, पाणी हलत नाही, परत टूंटूं.

काल मेकॅनिक आला होता. आवाज ऐकून म्हणाला, "ड्रेन पंप गेलाय, बोर्डही बघावा लागेल, ६,८०० रुपये." (ड्रेन पंप म्हणजे घाण पाणी बाहेर फेकणारा, बोर्ड म्हणजे यंत्र चालवणारं सर्किट.) फक्त दार उघडून आत पाहिलं, बाकी काही खोललं नाही. पैसे द्यायचे तर देऊच, पण खरंच पंप गेलाय हे कसं कळावं? कुणी स्वतः केलंय का? सध्या आई डाव्या हाताने भांडी घासताहेत आणि ते मला बघवत नाही.

वाघूर | शुक्रवार, दुपारी १२:०५

ताई, आधी फिल्टर. भरताची रात्र म्हणजे वांग्याच्या बिया आणि जळक्या सालीचे पापुद्रे. ताटं नुसती लावलीत की आधी खरवडून?

खालच्या फवाऱ्याच्या पात्याखाली जाळीचा गोल डबा असतो, तो डावीकडे फिरवला की निघतो. आमच्याकडे एकदा शेवभाजीच्या तर्रीचा थर आणि भिजलेली शेव, दोन्ही मिळून त्यात लांबीसारखं बसलं होतं. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना दात घासायचा ब्रश. तारेची घासणी लावू नका, जाळी फाटते.

बोरीकाठ | शुक्रवार, दुपारी १२:२०

हाईच व्हयनं व्हतं आमना घर बी! आमच्याकडे लिंबाची बी पंपात अडकली होती. पण आधी ते पाणी उपसा. मगने वरवरचं आणि उरलेलं जुन्या पंच्याने टिपून घ्या. त्याआधी मेन स्विच बंद करून पिन बाहेर काढा आणि नळ बंद करा. नुसतं यंत्राचं बटण बंद करून आत हात घालू नका.

खापरावरची | शुक्रवार, दुपारी ३:१५

पाणी उपसलं. फिल्टरमध्ये खरंच वांग्याच्या बिया आणि सालं होती, पण फार नाही, मूठभरही नसतील. जाळी लख्ख केली. परत लावलं तर तेच, घूं आणि टूंटूं.

मग फिल्टरच्या खड्ड्यात टॉर्च मारला. कोपऱ्यात प्लास्टिकचं छोटं झाकण आहे, पुस्तिकेत पाहून ते चमच्याच्या दांड्याने वर काढलं. आत पंपाचं पातं दिसतं. बी नाही, काच नाही, काही अडकलेलं नाही. पण लाकडी काडीने फिरवलं तर सरळ फिरत नाही. थोडं फिरतं, अडतं, परत सुटतं. म्हणजे मेकॅनिक म्हणतो ते खरं असावं. मन खट्टू झालं.

पांझराकाठ | शुक्रवार, संध्याकाळी ७:५०

ताई, थांबा. पंप मागवू नका.

मी धुळ्यात बावीस वर्षं हेच काम करतो. आधी वॉशिंग मशीन, गेली आठ-नऊ वर्षं डिशवॉशरही. ते पातं अडत-अडत फिरतं, ते तसंच फिरायला हवं. त्या पंपाच्या आत कायमचा चुंबक असतो. हाताने फिरवलं की चुंबक एका जागी धरतो, जोर लावला की सुटून पुढच्या जागी बसतो. जाम झालेला पंप एक तर हलतच नाही, नाहीतर खरखरतो. ज्याच्यात चुंबक मेलाय किंवा पातं दांड्यावरून सुटलंय, ते मात्र पंख्यासारखं मोकळं फिरतं. तुमचं लक्षण चांगल्या पंपाचं आहे. या एका गोष्टीपायी चांगले पंप भंगारात गेलेले मी डोळ्यांनी पाहिलेत, म्हणून लगेच लिहायला बसलो.

दुसरं. घूं आवाज येतो म्हणजे पंपाला वीज मिळते, म्हणजे बोर्ड त्याचं काम करतोय. बोर्ड बदलायचं कारणच उरत नाही.

मग पाणी का जात नाही? पंप ढकलतोय, पण पुढे वाट बंद आहे. पाण्याच्या मागे-मागे जा. पंपातून पाणी करड्या नळीत येतं, ती नळी यंत्राच्या मागून सिंकखाली जाते आणि सिंकच्या पाइपाला जोडलेली असते. या वाटेत कुठेतरी बूच बसलंय. कुठे, ते शोधायला एक बादली पुरते. सिंकखाली जिथे नळी जोडली आहे तिथली पट्टी सैल करून नळी काढा, तोंड वर धरून बादलीत सोडा, कारण आत अडलेलं घाण पाणी आधी येईल. मग यंत्रात दोन मग पाणी ओता, पिन लावा आणि पाणी काढायचं बटण दाबा. बऱ्याच यंत्रांत सुरूचं बटण तीन-चार सेकंद दाबून ठेवलं की चक्र रद्द होतं आणि पाणी बाहेर फेकलं जातं. बादलीत जोरात धार आली तर तुमचं यंत्र ठणठणीत आहे आणि दोष सिंकच्या बाजूचा. धार आली नाही तर दोष नळीत किंवा पंपाच्या तोंडाशी.

आणि एक विचारतो. चंपाषष्ठीच्या आधी दोन-चार दिवसांत घरात दुसरं काही काम झालं का? ओट्याचं, सिंकचं, फरशीचं?

सातपुडा_पायथा | शुक्रवार, रात्री ८:३०

दादा, मधेच घुसतोय. चोपडा तालुक्यात आमचं शेतातलं घर आहे. आमचं यंत्र पाणीच घेत नाही. पडद्यावर नळाचं चिन्ह येतं आणि थांबतं. नळ उघडा आहे, बोअरला पाणी आहे. टाकी घरावरच आहे. रात्री लावलं की कधीकधी चालतं.

पांझराकाठ | शुक्रवार, रात्री ९:१०

भाऊ, टाकीचा तळ यंत्राच्या वर किती उंच आहे ते फुटपट्टी धरून मोजा. पाण्याचा दाब उंचीवर ठरतो: दर १० मीटरला साधारण १ बार. बऱ्याच यंत्रांना किमान ०.५ बार लागतो, म्हणजे ५ मीटर. एका मजल्याच्या घरावर गच्चीतच ठेवलेली टाकी तीन मीटर वर असते, मग ठरलेल्या वेळात पाणी भरत नाही आणि यंत्र समजतं नळ बंद आहे. इतर नळ उघडे असले की दाब आणखी पडतो. रात्री चालतं त्याचं कारण तेच.

पण दाबाकडे जायच्या आधी नळी यंत्राला जिथे लागते तिथलं तोंड उघडा. आत बोटाच्या पेराएवढी जाळी असते. बोअरची बारीक रेती तिथे बसते. पक्कडने हळूच ओढून धुवा. ती साफ असूनही पाणी आलं नाही तर टाकीखाली लोखंडी स्टँड किंवा यंत्राच्या लाइनला छोटा प्रेशर पंप.

सातपुडा_पायथा | शुक्रवार, रात्री ९:४०

टाकीचा तळ साडेतीन मीटरवर. जाळी उद्या बघतो. आमच्याकडे व्होल्टेजही १८० च्या आसपास असतं, त्याने पंप जळेल का?

पांझराकाठ | शुक्रवार, रात्री १०:००

पंपापेक्षा गरम पाण्याचा त्रास जास्त. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गावर जाते. २३० ऐवजी १८० मिळालं तर हीटर ६१ टक्केच तापवतो. २,००० वॉटचा हीटर सव्वाबाराशे वॉटचा होऊन बसतो. यंत्र पाणी तापेपर्यंत थांबून राहतं, चक्र लांबतं, आणि काही यंत्रं ठरलेल्या वेळेत तापलं नाही म्हणून हीटरचा दोष दाखवतात. मेकॅनिकने हीटर बदलायच्या आधी भिंतीतलं व्होल्टेज मोजायला हवं, तेही हीटर चालू असताना. तुमच्याकडे यंत्राच्या वॉटला पुरेल असा स्टॅबिलायझर लावा. फ्रिजचा छोटा स्टॅबिलायझर यावर चालवू नका, त्याची ती ताकद नाही.

खापरावरची | शनिवार, सकाळी ९:२०

दादा, तुमचा शेवटचा प्रश्न वाचला आणि रात्रभर तेच डोक्यात होतं.

झालं होतं काम! चंपाषष्ठीच्या दिवशीच सकाळी. सिंकखालचा पाइप ठिबकत होता, पाहुणे येणार म्हणून प्लंबरला बोलावलं आणि त्याने खालचा प्लास्टिकचा ट्रॅप (पाइपाचा वास अडवणारा भाग) नवा बसवला. डिशवॉशरची नळी त्यानेच काढून परत जोडली. सिंकचं पाणी मस्त जातंय म्हणून मला त्याचा यंत्राशी संबंध जोडायचं सुचलंच नाही. नवीन ट्रॅप लागल्यावर यंत्र पहिल्यांदा चाललं ते त्याच रात्री.

आता बादली घेऊन बसते. हे कामावर गेलेत, मोठा मुलगा टॉर्च धरणार आहे.

हडपसरचा_खान्देशी | शनिवार, सकाळी ९:४५

वाट बघतोय. आमच्या सोसायटीत तीन जणांना मी "पंप बदला" असंच सांगितलेलं आहे, त्यामुळे मला हे कळणं गरजेचं आहे.

खापरावरची | शनिवार, सकाळी १०:५०

मिळालं!!

नळी काढली. बादलीत तोंड धरलं, दोन मग ओतले, बटण दाबलं. अशी धार आली की मुलाच्या अंगावर उडाली. यंत्र चांगलं आहे हे तिथेच कळलं, आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं.

मग ट्रॅपच्या ज्या शिंगाला नळी जोडली होती त्यात बोट घातलं. बोट आत जाईना. टॉर्च मारला तर आत प्लास्टिकचा बंद पडदा, कारखान्यातून आला तसाच. शिंगाचं तोंड कापलेलंच नव्हतं. प्लंबरने नळी बंद तोंडावर चढवून वर पट्टी आवळली होती. सिंकचं पाणी दुसऱ्या वाटेने जातं, म्हणून त्याला अडचण नाही. यंत्राचं पाणी मात्र भिंतीवर डोकं आपटत होतं.

हा पडदा कसा कापू? सुरीने जाईल का?

पांझराकाठ | शनिवार, सकाळी ११:०५

शाब्बास ताई. अर्धं काम झालं.

सुरी नको, घसरून हातात जाते. तो ट्रॅप आटे फिरवून खाली काढा आणि शिंग बाहेर घेऊन मग ड्रिलने किंवा तापवलेल्या जाड खिळ्याने कडेकडेने भोक करा. भोक पूर्ण रुंदीचं हवं, करंगळीएवढं ठेवलं तर तिथे तूप-तेल बसून दोन महिन्यांत परत हेच. कडेचे प्लास्टिकचे कुसळ खरवडून काढा, त्यांना शितं अडकतात. कापलेला तुकडा पाइपात पडू देऊ नका. परत बसवताना रबरी वायसर सरळ बसलाय ना बघा.

आणि नळी जोडताना तिला सिंकखाली ओट्याच्या पोटाला लागेल इतकी वर उचलून, पट्टीने बांधून, मग खाली शिंगाकडे आणा. हा उंच वळसा नसेल तर सिंकमधलं खरकटं पाणी नळीतून मागे यंत्रात उतरतं. पुष्कळ घरांत "यंत्राला वास येतो" ही तक्रार त्यापायीच असते. नळी कुठे मुडपली जाऊ नये, यंत्र मागे ढकलताना विशेष बघा.

बोरीकाठ | शनिवार, दुपारी १२:३०

यंत्र ढकलण्यावरून आठवलं. आमच्याकडे टॅब्लेट (यंत्रात टाकायच्या साबणाच्या वड्या) संपल्या तेव्हा भावाने हाताने भांडी घासायचा पातळ साबण टाकला होता. दारातून फेस. नंतर यंत्र सुरूच होईना, नुसता पाणी फेकायचा पंप एकसारखा चालायचा. मेकॅनिकने यंत्र तिरपं केलं, खालून पाणी निघालं, चालू झालं. त्याने काय केलं ते आम्हाला कळलं नाही.

पांझराकाठ | शनिवार, दुपारी १:१५

यंत्राच्या पोटाखाली पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा तसराळ्यासारखा तळ असतो आणि त्यात एक तरंगता ठोकळा. कुठून गळून तळात पाणी साठलं की ठोकळा वर येतो, खालचा स्विच दाबतो आणि यंत्र नळ बंद करून पंप चालू ठेवतं, घरात पाणी पसरू नये म्हणून. फेस सांध्यांतून त्या तळात उतरतो. तिरपं केल्यावर पाणी निघून ठोकळा खाली बसला. फेसाने झालं असेल तर तेवढं पुरतं. पण फेस नसताना तसं झालं तर गळती आहे, ती शोधायलाच हवी. काही जण तो स्विच बांधून टाकतात. तसं कधीही करू देऊ नका, खाली विजेच्या तारा असतात.

खापरावरची | शनिवार, संध्याकाळी ६:४०

झालं. पाणी सरसर जातंय. ट्रॅप काढून शेजारच्या काकांच्या ड्रिलने भोक केलं, वळसा बांधला. दुपारी चक्र पूर्ण झालं, एकदाही टूंटूं नाही. तळाला फिल्टरखाली थोडं पाणी अजून दिसतंय, ते ठीक आहे का?

आणि आता दुसरी गोष्ट. हे यंत्राच्या नादात लक्षात येत नव्हतं. काचेचे ग्लास बाहेर आले ते पिठात बुडवल्यासारखे पांढरे. स्टीलच्या ताटांवर पांढरे ठिपके. तसं गेले सहा-सात महिने थोडंथोडं होतच होतं, आई कापडाने पुसून ठेवायच्या. मी सगळं-एकात असलेल्या टॅब्लेट वापरते. यंत्रावरचा मीठ संपल्याचा दिवा बरेच दिवस लागलेला आहे, पण टॅब्लेटच्या खोक्यावर मीठही आत आहे असं लिहिलंय.

पांझराकाठ | शनिवार, संध्याकाळी ७:०५

फिल्टरखालच्या खड्ड्यात थोडं स्वच्छ पाणी राहतंच, राहायलाच हवं. त्याने खालची रबरं ओली राहतात.

पांढऱ्याबद्दल नवापूरकर मास्तर बोलतील. हे त्यांचं खातं.

नवापूरकर | शनिवार, रात्री ८:३०

मी रसायनशास्त्र शिकवतो, नंदुरबार जिल्ह्यात. पाणी जात नव्हतं तो अपघात होता. यंत्राचं आयुष्य ठरवणारी गोष्ट ही पांढरी आहे.

आधी खात्री करा. एका ग्लासवर लिंबाचा रस चोळून पाच मिनिटं ठेवा. पांढरं गेलं तर तो क्षार आहे. नाही गेलं तर काच खाल्ली गेली आहे आणि ती परत येत नाही.

क्षार असेल तर गोष्ट अशी. आपल्याकडे धुळे-नंदुरबारला काळ्या बेसाल्टच्या खडकातलं पाणी, तुमच्याकडे तापीच्या गाळाचा पट्टा. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर उतरतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात एकूण कठीणपणाची (म्हणजे या दोन्हींची मिळून) स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरं पाणी मिळत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. म्हणजे जे पाणी प्यायला चालतं तेच डिशवॉशरला जड जाऊ शकतं. पाणी तापलं की त्यातलं बायकार्बोनेट फुटतं आणि कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं: ग्लासवर, फवाऱ्याच्या भोकांत, हीटरवर. तुमच्या बंबाच्या आत जो थर येतो तोच हा.

यंत्राच्या आत यावर उपाय बसवलेला असतो. खाली रेझिनच्या बारीक मण्यांची एक नळकांडी आहे. मण्यांवर सोडियम बसलेलं असतं. पाणी त्यातून गेलं की मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि सोडियम सोडतात. थोड्या दिवसांनी मणी भरून जातात. मग यंत्र मिठाच्या डब्यातलं खारं पाणी त्यांच्यावरून फिरवतं, मणी परत सोडियम घेतात आणि धरलेलं कॅल्शियम गटारात जातं. मीठ भांड्यांना लागत नाही, मण्यांना धुतं. डब्यात मीठ नाही म्हणजे मणी भरलेले ते भरलेलेच.

टॅब्लेटमधलं "मीठ" हे काम करत नाही. त्यात पाणी मऊ करणारी द्रव्यं असतात, पण ती कठीणपणाच्या साधारण २१ जर्मन अंशांपर्यंत पुरतात, म्हणजे लिटरला ३७५ मिलिग्रॅमच्या आसपास. एक जर्मन अंश म्हणजे १७.८ मिलिग्रॅम. त्यापुढे टॅब्लेटसोबत मीठ हवंच.

तुमचं पाणी नळाचं की बोअरचं?

खापरावरची | शनिवार, रात्री ९:००

आधी नळाचं होतं. उन्हाळ्यात नळ चार-चार दिवसांआड यायला लागला तेव्हापासून टाकीत बोअरचं मिसळतो. म्हणजे मेपासून... आणि पांढरं दिसायला लागलं तेही तेव्हापासूनच. लिंबाने ग्लास स्वच्छ झाला.

आमच्या टीडीएस मीटरवर ७८० दाखवतंय. हाच आकडा यंत्रात घालायचा का?

नवापूरकर | शनिवार, रात्री ९:२०

नाही. तो मीटर पाण्यातल्या सगळ्या विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, त्यात साधं मीठही मोजलं जातं. कठीणपणा वेगळा मोजावा लागतो. पट्ट्या मिळतात, बुडवून रंग जुळवायचा. नेमका आकडा हवा असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची जिल्ह्याला प्रयोगशाळा असते, तिथे नमुना द्या. "एकूण कठीणपणा" असं सांगून तपासून घ्या.

वाघूर | शनिवार, रात्री ९:३५

मास्तर, मीठ महाग पडतं. घरचं खडेमीठ किंवा सैंधव चालेल? आमच्या बाजूच्या दुकानात डिशवॉशरचं मीठ मिळतही नाही.

नवापूरकर | शनिवार, रात्री ९:५५

नका घालू. बारीक मिठाचा गोळा बसतो, आणि त्यात आयोडीन व गुठळी न होण्यासाठीची द्रव्यं असतात. खडेमिठात आणि सैंधवात न विरघळणारी माती असते, शिवाय थोडं कॅल्शियम-मॅग्नेशियम. म्हणजे जे काढायचं तेच आपण आत घालतो. मण्यांची नळकांडी चोंदली तर ती अख्खी बदलावी लागते. ऑनलाइन मिळणारं जाड दाण्याचं डिशवॉशरचंच मीठ घ्या.

खापरावरची | पुढचा शुक्रवार, रात्री ८:१५

उशीर झाला, नमुन्याचा निकाल आज मिळाला. एकूण कठीणपणा ५२० मिलिग्रॅम. १७.८ ने भागलं तर २९ अंश. यंत्र कारखान्यातून आलं त्याच मधल्या आकड्यावर चार वर्षं होतं, आम्ही कधी हात लावला नव्हता. पुस्तिकेतल्या तक्त्याप्रमाणे दोन पायऱ्या वर नेलं.

मीठ मंगळवारी आलं होतं. डबा उघडला तर आत पाणी होतंच, तरी मीठ ओतताना पाणी वर आलं आणि थोडं सांडलं. ते बरोबर ना?

पांझराकाठ | शुक्रवार, रात्री ८:४०

बरोबर. मिठाने पाणी बाहेर ढकललं. पण मीठ भरलं की लगेच एक चक्र लावायचं, सांडलेलं खारं पाणी तळाच्या स्टीलला खातं. झाकणाच्या आट्यांत दाणे राहू देऊ नका, नाहीतर झाकण नीट बसत नाही आणि भांडी खारट लागतात.

आता जुना थर काढा. यंत्र रिकामं, सर्वांत गरम चक्र, तळाला शंभर-सव्वाशे ग्रॅम लिंबूसत्त्व, दुसरा कुठलाही साबण नाही. त्यासोबत ब्लीचिंग किंवा फिनेल असलं काहीही घालू नका. आम्ल आणि ब्लीच एकत्र आलं की विषारी क्लोरीन वायू निघतो. त्याआधी फवाऱ्याची पाती काढून भोकं टाचणीने मोकळी करा.

खापरावरची | शनिवार, दुपारी ४:३०

केलं. वरच्या पात्याची सात भोकं पूर्ण बंद होती! टोचून खड्यासारखा क्षार निघाला. लिंबूसत्त्वाचं चक्र झाल्यावर आतलं स्टील नवं असताना जसं होतं तसं दिसतंय. मग पूर्ण भांड्यांचं चक्र लावलं. ग्लास स्वच्छ आहेत. अगदी आरपार नाहीत, पण पुसावे लागत नाहीत.

सिंकचं काम केलेल्या प्लंबरला फोन करून नीट समजावून सांगितलं. त्याला त्या पडद्याबद्दल माहीतच नव्हतं. भोक केलेल्या ट्रॅपचा फोटो मागून घेतलान त्याने.

सातपुडा_पायथा | शनिवार, संध्याकाळी ५:१०

आमचंही कळवतो. जाळीत चमचाभर रेती होती. ती काढून दिवसा दोनदा चाललं, एकदा अडलं. टाकी दोन मीटर वर उचलायचं स्टँड वेल्डरला सांगितलंय.

ताई, पितळी आणि कल्हईची भांडी तुम्ही यात लावता का? आमच्या आजी विचारतात.

खापरावरची | शनिवार, संध्याकाळी ५:४०

नाही दादा. पितळ, तांबं, कल्हई, लोखंडी तवा, खापर, पोळपाट-लाटणं, काही नाही. ॲल्युमिनियमचं पातेलं एकदा चुकून गेलं तर काळं पडून आलं. ती सगळी मी रात्री हाताने घासते, आईंना हात लावू देत नाही. आजींना सांगा, स्टील आणि काच बिनधास्त.

मिठाचा दिवा आज सकाळी विझला. आईंनी कॅलेंडरवर त्या तारखेला "मीठ" लिहून ठेवलंय, म्हणजे डबा किती दिवस पुरतो ते कळेल.